दोन मणाला दोन शेर कमी

मला क्षय झाला तेव्हा मला वाटलं होतं की माझं नशीब उघडलं.

हे वाचून कुणाला माझ्या डोक्याची शंका येईल. डोक्यावर इतके ठोसे खाल्लेल्या माणसाबद्दल ती यावीच. पण खरोखर तसंच झालं होतं. आता या आजारावरची औषधं पुष्कळ सोपी झाली आहेत, तरी माणसाला वाटणारी भीती काही सोपी झालेली दिसत नाही. गावात कुणाला हा आजार निघाला की त्याच्या घरचे मला बोलावतात आणि म्हणतात, तुम्ही यातून गेलात, दोन शब्द सांगा. तोंडी सांगायला गेलो की मी थापा मारतो, आपण मोठे शूर होतो असं दाखवतो. म्हणून एकदाचं लिहून काढतो आहे.

गिरणीतला काटा

मी कळंबजवळच्या एका खेड्यातला. घरची भातशेती. खोपोलीला एक निवृत्त हवालदार राहत, ते पलटणीत असताना बॉक्सिंग करत. त्यांनी मला हाताशी धरलं आणि बघता बघता मी पैसे घेऊन लढणारा बॉक्सर झालो. मुंबईत तेव्हा तिकीट लावून लढती होत, कधी मैदानावर, कधी सर्कशीच्या तंबूत. माझा गट मिडलवेट. म्हणजे अंगाचं वजन एकशेसाठ पौंडांच्या आत हवं. आमच्याकडे पौंड कोण मोजतो? कर्जतच्या भाताच्या गिरणीत पोती मोजायचा मोठा काटा होता, त्यावर हवालदार मला उभा करत. त्यांचा हिशेब ठरलेला होता, पक्के दोन मण आणि त्यात दोन शेर कमी. त्याच्या वर अच्छेर म्हणजे अर्धा शेर गेला तरी लढत हातची गेली.

माझी हाडं मूळची जाड. मला मोकळं सोडलं तर मी सहज दहा शेर वर जायचो. त्यामुळे प्रत्येक लढतीआधी माझी खरी लढत त्या काट्याशी असे. माथेरानचा चढ घोंगडी पांघरून धावत चढायचा. पोह्यांच्या भट्टीशेजारी बसून घाम गाळायचा. काट्यावर उभं राहायच्या आधीचे दोन दिवस जेवण बंद. शेवटच्या दिवशी तर पाणीसुद्धा नाही, नुसती चूळ भरून थुंकून टाकायची. गिरणीतले हमाल मला बघून हसत. "काय नामदेवशेट, आज किती कोंडा काढला?" असं विचारत.

आणि त्या वर्षी माझं वजन आपोआप उतरायला लागलं.

भट्टीची गरज नाही, चढाची नाही. सकाळी उठावं तर अंथरूण घामानं भिजलेलं. आमच्या धंद्यात घामासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही, आणि इथे तो झोपेतच फुकट येत होता. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या तरी काटा वर सरकत नव्हता. खाऊनपिऊन वजन उतरतंय, याहून मोठं सुख मला माहीत नव्हतं. दुपारी कणकण यायची, ती सरावाची म्हणून सोडून दिली. खोकला यायचा, तो भट्टीच्या धुराचा.

हवालदार खूश होते. "नामा, या खेपेला भट्टी नको रं," ते म्हणाले. "अंग कसं आपसूक बसलंय बघ."

माझी बायको हिरा एकटी खूश नव्हती. ती माझ्या पाठीला तेल चोळायची. एक दिवस तिचा हात मध्येच थांबला.

"अवो, तुमच्या पाठीची हाडं लागतात हाताला."

"लढतीचं अंग असंच असतं," मी म्हणालो. "तुला काय कळतंय त्यातलं?"

त्या दिवसापासून ती तेल लावताना हाडांवरून हात फार हलका फिरवायची, हे मला आठवतं.

तोंडातलं रक्त

लढत मुंबईला होती. मी वजनात आरामात बसलो, सकाळी पोटभर चहा-पाव खाऊन काट्यावर उभा राहिलो. तिसऱ्या राउंडपासून माझा श्वास अर्ध्यावरच अडायला लागला. छाती भरतच नव्हती. हात उचलले जाईनात. राउंड संपून मी स्टुलावर बसलो की हवालदार बोटांनी माझ्या तोंडातलं दातांवरचं रबर काढत, बादलीत खळबळून पुन्हा बसवत. त्या दिवशी ते रबर लाल होऊन येत होतं.

"ओठ फुटला असंल," ते म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. बॉक्सरच्या तोंडात रक्त येणं म्हणजे शेतकऱ्याच्या पायाला चिखल लागण्यासारखं आहे, त्याची कोण चौकशी करतो? मी गुणांवर हरलो, घरी आलो.

आठवडाभरानं मी उंबऱ्यावर बसलो होतो. ऊन पडलं होतं, आमची दोन वर्षांची शेवंता अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती. मला खोकला आला. तोंडावरचा हात काढला तर तळहात लालभडक.

त्या दिवशी मला कुणीही मारलं नव्हतं.

मी हात धोतराला पुसला आणि दुसऱ्यांदा खोकलो. पुन्हा तेच. रिंगमध्ये मला भीती वाटायची नाही असं नाही. पण तिथे समोर एक माणूस असतो, त्याचे खांदे बघून कळतं ठोसा कुठून येणार. इथे समोर अंगण होतं, कोंबडी होती, आणि माझी मुलगी माझ्याकडे धावत येत होती. मी ओरडलो, "तिकडंच थांब!" इतक्या जोरात ओरडलो की ती जागच्या जागी रडायला लागली.

फोटो

छातीचा फोटो काढायला कल्याणला जावं लागलं. तो घेऊन आम्ही कर्जतच्या डॉक्टरांकडे आलो. त्यांनी फोटो खिडकीशी धरला. मला त्यात नुसते पांढरे ढग दिसले.

"वजन किती उतरलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना माझी मान जरा ताठ झाली, सवयच ती. काही न करता उतरलं, असंही वर म्हणालो. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझंच बोलणं माझ्या कानांवर आलं.

"क्षय आहे," ते म्हणाले. मग फोटो खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

आजाराच्या नावापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. बाहेर बाकावर हिरा शेवंताला मांडीवर घेऊन बसली होती, दारातून दोघी दिसत होत्या.

परतताना एसटीत मी खिडकीबाहेर तोंड काढून बसलो. श्वाससुद्धा आत सोडायची भीती वाटत होती. हिरानं शेवंताला माझ्या बाजूच्या मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिनं ते केलं हे बरोबर होतं. तरी मला इतकं वाईट वाटलं की आजवर खाल्लेल्या एकाही ठोशानं तसं वाटलं नव्हतं.

घरी आईनं माझं ताट-तांब्या वेगळा केला आणि माजघरात जाऊन रडत बसली. शेजारच्यांनी विहिरीवर बोलणं सोडलं. चौथ्या दिवशी हिराचा भाऊ खालापूरहून आला आणि म्हणाला, बहिणीला नि भाचीला न्यायला आलोय. मी दारामागून ऐकत होतो. हिरानं शेवंताचे कपडे एका गाठोड्यात बांधले, तिला भावाच्या कडेवर दिलं.

"पोरीला न्या," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

भावानं पुष्कळ समजावलं, शेवटी चिडला. ती फक्त मान हलवत राहिली. मला तिचा हेवा वाटला. असं पाय रोवून उभं राहणं मला रिंगमध्येसुद्धा जमलं नव्हतं.

माळावरचं रुग्णालय

खालापूरच्या बाजूला माळावर क्षयरोग्यांसाठी एक लहानसं धर्मादाय रुग्णालय होतं. लांबलचक पडवी, तिच्यात ओळीनं खाटा. सकाळी इंजेक्शन, मग कडू पुडी पाण्यात कालवून घ्यायची, मग पडून राहायचं. जेवण, पडून राहणं. चालायचं नाही, जोरात बोलायचं नाही. इंजेक्शनांनी माझ्या कानांत रातकिडे ओरडायला लागले आणि उभं राहिलं की जमीन तिरकी व्हायची. ज्या पायांवर मी पोट भरत होतो ते पाय मला संडासापर्यंत नीट नेईनात.

तिथली भीती कशी असते ते सांगतो. कुणी गेला की त्याची गादी उन्हात टाकत. सगळे त्या दिवशी मुद्दाम दुसरीकडे बघत आणि पिकापाण्याबद्दल बोलत. मीही बोलायचो. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती गादी दिसतच राहायची.

ज्यांना हा आजार आज झाला आहे त्यांना एवढंच सांगतो. भीती वाटली तर लाजू नका. मी पैसे घेऊन मार खाल्लेला माणूस, मला रोज वाटायची. औषध मात्र चुकवू नका आणि जेवण टाकू नका. हे दुसरं मी कुठल्या तोंडानं सांगतो आहे ते पुढे कळेल.

माझ्या शेजारच्या खाटेवर लहानू होता, माथेरानला हातरिक्षा ओढणारा. त्याच्यावर औषध चाललं नव्हतं, म्हणून मुंबईला नेऊन त्याच्या एका बाजूच्या बरगड्या काढल्या होत्या. आतल्या फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून तसं करत. तो वाचला. पण त्याचा तो खांदा खाली ओघळला होता आणि छातीची ती बाजू आत गेली होती. आंघोळीला सदरा काढला की मी दुसरीकडे बघायचो.

"बग रं बग," तो म्हणायचा. "रिक्षा नाय वडता येत, पन हासाया येतं."

दर शनिवारी काटा असायचा. एकेकाला उभं करून वजन बघत. तो काटा किलोचा होता, नवा. सगळे रोगी त्या दिवसाची वाट बघत. पाव किलो वाढलं तरी पेढे वाटल्यासारखा चेहरा करत.

माझं वजन दर शनिवारी थोडं उतरत होतं.

एका शनिवारी डॉक्टर माझ्या खाटेवर बसले. तरुण होते, थकलेले असायचे. म्हणाले, "औषध तुम्हाला लागू पडत नाही असं दिसतं. आणखी महिनाभर बघू. नाहीतर मुंबईला पाठवावं लागेल."

मुंबईला म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. लहानू भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होता. बरगड्यांवर मी आयुष्यभर मार झेलला होता, कोपर खाली आणून त्यांना जपलं होतं. त्या गेल्या तर मी कुणीच राहणार नव्हतो. मग त्या जाऊनही वाचलो नाही तर? त्या रात्री घास उचलला की माझा हात तोंडापर्यंत जाईना.

रविवार आणि शुक्रवार

हिरा रविवारी यायची. अर्ध्या वाटेपर्यंत एसटी आणि पुढे माळावरून चालत. भाकरी, सुकटाची चटणी, उकडलेली अंडी आणायची. पडवीच्या टोकाला बसून मी सगळं चाटूनपुसून खायचो. ती बघत बसायची. त्या रविवारी मी तिला मुंबईचं सांगितलं. तिनं माझ्या रिकाम्या फडक्याकडे बघितलं.

"एवढं खाता, मग वजन का उतरतं?"

मी काही बोलायच्या आत लहानू म्हणाला, "वयनी, ह्यो आयतवारी वाघ नि शुक्करवारी उंदीर. गुरवारपास्नं ह्याचं ताट मीच खातो. मला वाटलं, हितलं जेवान ह्याला आवडत नाय."

मी लहानूवर डोळे वटारले. खरं सांगतो, मी मुद्दाम उपास करत नव्हतो. शनिवारी काट्यावर उभं राहायचं आहे हे मनात आलं की गुरुवारपासून माझा घसाच मिटायचा. पाणी तोंडात घेतलं तरी गिळलं जायचं नाही, आपोआप थुंकलं जायचं. इतकी वर्षं काटा म्हणजे उतरायचा एवढंच शरीराला शिकवलं होतं. आता तो चढायला हवा, हे मला कळत होतं, शरीराला कळत नव्हतं. आणि हे डॉक्टरांना सांगावं असं मला सुचलंसुद्धा नाही. जगात सगळेच लोक काट्याआधी असं करत असतील असंच मला वाटे.

हिरा उठली. पदर सावरून डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. ती आत काय बोलली ते मला नंतर कळलं.

"सायेब, काटा कवा हाय ते ह्यांना सांगू नका," ती म्हणाली होती. "काटा म्हनलं की त्यांचा घसा मिटतो. लगीन झाल्यापास्नं बगते मी. तुमी वजन बगता ते उपाशी मानसाचं बगता."

पुढच्या शनिवारी काटा झाला नाही. बिघडला आहे असं सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं, मी रात्रीचं जेवलो. मग तीन-चार दिवसांनी दुपारी आम्ही वरण-भात खात होतो, तेवढ्यात सिस्टर आल्या.

"नामदेव, उठा."

"हात धुतो."

"तसेच चला."

उष्टा हात अधांतरी धरून मी काट्यावर उभा राहिलो. मला वाटलं, आजच मुंबईला पाठवतायत. डॉक्टर वाकून बघत होते. त्यांनी मला खाली उतरवलं, पुन्हा चढवलं. मग सरळ उभे राहिले.

"मागच्यापेक्षा दोन किलो जास्त आहे," ते म्हणाले. "मुंबईचं राहू द्या."

पायरीवर बसून मी वरणाचा हात तोंडावर धरला आणि रडलो. सिस्टर ओरडल्या, जोरात रडू नका, खोकला येईल.

पण हिराचा हात यात आहे हे कळल्यावर मला राग आला. त्या रविवारी मी तिच्यावर उखडलो. माझ्या पाठीमागे जाऊन बोललीस, मला काय पोर समजतेस, असं बरंच. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमाला काट्याचं भ्या हाय," ती म्हणाली. "मला तुमच्या जिवाचं भ्या हाय."

त्यानंतर काटा कधीही यायचा, जेवताना, झोपेतून उठवून, पत्ते खेळताना. हळूहळू माझा घसा उघडला. वजन चढत गेलं. लहानूनं तक्रार केली की त्याचं जेवण कमी झालं.

ओठ

आजारपणात हवालदार आत कधी आले नाहीत. तारेच्या कुंपणापलीकडे उभे राहत आणि तिथूनच दोन्ही मुठी हनुवटीपाशी नेऊन मला खूण करत, हात वर ठेव. त्यांनी स्वतःचाही फोटो काढून घेतला होता, माझं लाल रबर त्यांनीच धुतलं होतं ना. तो साफ निघाला. "मीच आंधळा रं," ते एकदा कुंपणातून ओरडून म्हणाले आणि तसेच पाठ फिरवून गेले.

मी घरी आलो तेव्हा छातीतले डाग सुकले होते. डॉक्टरांनी सांगितलं, हलकं काम करा, बॉक्सिंग विसरा. शेवंता मामाकडून परत आली आणि मला बघून हिरामागे लपली. मला तिच्या जवळ जायचा धीर होईना, तिला माझ्या. असे आम्ही दोघं एका घरात लांबलांबून एकमेकांकडे बघत राहिलो. मग एक दिवस ती आपणहून आली आणि माझ्या दंडाची बेडकी दाबून बघू लागली.

अंग भरलं तशी माझ्या हातांना खाज सुटली. हवालदार घरी यायला लागले. आम्ही ओटीवर बसून बोलायचो. "हलकं काम" यात हलका सराव बसतो असं मी डॉक्टरांच्या माघारी ठरवून टाकलं. हिरा आतून ऐकायची. ज्या सकाळी मी खोपोलीला निघालो त्या सकाळी तिनं धुतलेला टॉवेल माझ्या हातात दिला आणि आत गेली.

समोर एक नवशिका होता, हात हलका. पहिली काही मिनिटं मला इतका आनंद झाला की काय सांगू. पाय ऐकत होते. मग त्याचा एक साधा ठोसा तोंडावर आला. मी थुंकलो. थुंकी लाल होती.

मी तिथेच थांबलो. कानांत पुन्हा ते रातकिडे सुरू झाले. हवालदार धावत आले, त्यांनी माझा खालचा ओठ बोटानं ओढून बघितला.

"ओठ फुटलाय रं नामा. हे बग, हितं. ओठच हाय."

ओठच होता. माझा विश्वासही बसला. पण पूर्वी तोंडात रक्त आलं तर मी ते गिळून पुढे जात असे, आणि आता मी समोरच्या माणसाकडे न बघता जमिनीवरच्या थुंकीकडे बघत उभा होतो. असा माणूस रिंगमध्ये मरतो. मी ग्लोव्हज काढून हवालदारांच्या हातात दिले. त्यांनी ते घेतले, बगलेत धरले, आणि आग्रह केला नाही.

घरी पोचलो तर हिरा दारात तांदूळ निवडत होती. ती आधी माझ्या ओठाकडे बघत राहिली.

"सोडलं," मी म्हणालो. "बॉक्सिंग सोडलं."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला म्हणून मी मागे गेलो, तर ती ताट वाढून घेऊन खाली बसली होती. मला न विचारता, माझ्या आधी, असं ती कधी जेवली नव्हती. मोठमोठे घास घेत होती.

"तुमी त्या हवालदाराबरुबर बोलाया लागल्यापास्नं घशाखाली उतरत नव्हतं," ती तोंडात घास असतानाच म्हणाली.

घास उचलायला तिनं हात वर केला आणि बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. मी बघतच राहिलो. गळ्याची हाडं वर आली होती. माझं ताट वेगळं होतं तेव्हा ते तीच घासत होती, माझी भिजलेली अंथरुणं तीच धूत होती. आणि घरात ज्याचं त्याचं लक्ष माझ्या वजनाकडे. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन मी कल्याणला गेलो. तिनं पुष्कळ कुरकुर केली, मी ऐकलं नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला. मी फोटोकडे बघितलंच नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"साफ आहे," ते म्हणाले.

"नीट बघा, डॉक्टर. ही इतकी वाळली कशानं?"

त्यांनी हिराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्या काळजीनं," ते म्हणाले. "औषध काही लागणार नाही. यांना जेवायला घाला."

एसटी स्टँडसमोरच्या खानावळीत मी तिच्यापुढे ताट मागवलं. ती लाजली, बाईमाणसानं असं चारचौघांत बसून जेवायचं म्हणजे काय, म्हणाली. मी समोरच्या बाकावर बसलो आणि ताट रिकामं होईपर्यंत उठलो नाही.